माउंटन बाईकचं सस्पेन्शन सोलापुरात कसं सेट करावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर आणि आसपास माउंटन बाईक चालवणारे सस्पेन्शनबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आपली जमीन वेगळी, ऊन वेगळं, आणि बहुतेकांकडे हार्डटेल सायकल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. त्यामुळे परदेशातल्या ओल्या जंगलवाटांसाठी सांगितलेले आकडे इथे जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. शक्यतो प्रश्न क्रमाने वाचा. सेटिंगही याच क्रमाने करायचं असतं.

सस्पेन्शन सेट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी टायरची हवा, मग सॅग (तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती बसतं), मग रिबाउंड (दबल्यावर परत वर यायचा वेग), आणि सायकलला सोय असेल तर शेवटी कॉम्प्रेशन (दबताना होणारा अडथळा). क्रम मोडला की काम दुप्पट होतं. रिबाउंड लावून झाल्यावर फोर्कची, म्हणजे पुढच्या चाकावरच्या सस्पेन्शनची, हवा बदललीत, तर रिबाउंड पुन्हा लावावाच लागतो.

जितकं मऊ तितकं चांगलं, असं पुष्कळांना वाटतं. पण सस्पेन्शनचं पहिलं काम आहे चाक जमिनीला धरून ठेवणं. चाक हवेत असताना ब्रेक लागत नाही आणि वळणही घेता येत नाही. हाताला-कमरेला मिळणारा आराम त्याच्या मागून येतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढचं आणि मागचं एकमेकांशी जुळलेलं असणं. थोडं कडक पण जुळलेलं सेटिंग हे मऊ पण न जुळलेल्या सेटिंगपेक्षा कधीही सुरक्षित. खाली संतुलनाचा प्रश्न आहे, तो मात्र सोडू नका.

माझी सायकल साधी आहे. पुढे स्प्रिंगचा फोर्क, मागे काहीच नाही. मला यातलं काय लागू?

टायरची हवा, सॅगची तपासणी आणि फोर्कची स्वच्छता, या तिन्ही गोष्टी तुम्हालाही लागू आहेत. स्प्रिंगच्या फोर्कच्या डोक्यावर बहुधा एक फिरवायची चकती असते. ती प्रीलोडची. ती आवळल्यावर स्प्रिंग कडक झाली असं वाटतं, पण स्प्रिंग तीच राहते. फक्त ती आधीपासून थोडी दाबून ठेवली जाते. त्यामुळे सॅग जरा कमी होतो, मोठ्या खड्ड्यात फोर्क जितका आत जायचा जवळपास तितकाच जातो. तुमचं वजन ९० किलो असेल आणि फोर्क सारखा तळाला आपटत असेल, तर चकती आवळून तो प्रश्न सुटणार नाही. त्या फोर्कसाठी जास्त कडक स्प्रिंग मिळते का ते बघा. हलक्या माणसाचं नेमकं उलटं होतं. चकती पूर्ण सैल करूनही फोर्क हलत नाही, तेव्हा मऊ स्प्रिंग लागते.

आणि फोर्कवर लॉकआउटचा, म्हणजे फोर्क दबू न देणारा, खटका असेल तर आधी तो उघडा आहे ना ते पाहा. “शॉकअप चालतच नाही” अशा तक्रारी कितीतरी वेळा तिथेच मिटतात.

टायरची हवा आधी का?

कारण दगडाचा धक्का सगळ्यात आधी टायर घेतो. टायर दगडासारखा फुगलेला असेल तर बारीक खडीची सगळी थरथर फोर्कपर्यंत येते. मग माणूस फोर्कची हवा सोडत बसतो, आणि दोष तिथे नसतोच.

साधारण ७० किलोच्या माणसाला २.२५ इंची टायरमध्ये ट्यूब असेल तर पुढे २८ आणि मागे ३० ते ३२ पीएसआयपासून सुरुवात करता येते. ट्यूबलेस असेल तर पुढे २३-२४, मागे २५-२६. वजनाप्रमाणे वर-खाली करा. मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा दोन-चार पीएसआय जास्त ठेवायचे, कारण बसल्यावर वजन मागे जास्त असतं. ट्यूबमध्ये फार कमी हवा ठेवली तर दगडावर टायर रिमपर्यंत चेपतो आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

आपल्याकडे खरा शत्रू बाभळीचा काटा. गाडीवाटेच्या दोन्ही बाजूंना बाभूळ आणि वेडी बाभूळ, त्यात बांधावर तोडून टाकलेल्या फांद्या. म्हणून सोलापुरात माळावर जाणाऱ्याने जमेल तेव्हा सीलंट (भोक बुजवणारं द्रव) घालून ट्यूबलेस करावं, असं माझं ठाम मत आहे. पंक्चरची भीती गेली की माणूस टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा कोंबणं थांबवतो, आणि मग सस्पेन्शनला त्याचं काम करू देतो.

सॅग म्हणजे काय, आणि घरी कसा मोजायचा?

तुम्ही सायकलवर चढलात की नुसत्या तुमच्या वजनाने सस्पेन्शन जितकं खाली बसतं, तो सॅग. तो एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे सस्पेन्शन जास्तीत जास्त जितकं दबू शकतं त्या अंतराच्या, टक्केवारीत सांगतात. सॅग का ठेवायचा? चाकाला फक्त वर उचललं जायचं नसतं, खड्ड्यात खालीही जायचं असतं. सॅग शून्य असेल तर खड्डा आला की चाक त्यात उतरत नाही. वरून उडी मारून पलीकडच्या कडेवर आदळतं.

मोजायला भिंत लागते आणि शक्य असेल तर एक सोबती. ज्या वेषात चालवता त्याच वेषात उभे राहा. हेल्मेट, बूट, पाठीवरची पाण्याची पिशवी भरलेली. उन्हाळ्यात आपण दोन-तीन लिटर पाणी नेतो, म्हणजे तेवढेच किलो वाढतात. मोजताना ते धरलेच पाहिजेत.

फोर्कच्या चकचकीत नळीवर रबराची एक बारीक रिंग असते. नसेल तर झिप टाय सैलसर बांधा, फक्त त्याचं टोक नळीला घासू देऊ नका. लॉकआउट उघडा, कॉम्प्रेशन पूर्ण सैल करा. भिंतीला कोपर टेकवून सायकलवर चढा, दोन्ही पायडल आडवे ठेवून उभे राहा, गुडघे-कोपरं किंचित वाकलेली, नजर समोर. दोन-चार वेळा हलकेच उसळी घ्या म्हणजे सील (नळी खालच्या पायात शिरते तिथली रबरी कडी) मोकळे होतील. मग स्थिर व्हा. सोबत्याला वाकून रिंग सीलपर्यंत खाली ढकलायला सांगा. त्यानंतर ब्रेक न दाबता, धक्का न देता अलगद उतरा. ब्रेक दाबून उतरलात तर फोर्क आणखी दबतो, रिंग वर सरकते आणि आकडा खोटा येतो. आता सीलपासून रिंगपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. १२० मिलिमीटरच्या फोर्कवर २४ मिलिमीटर आलं, तर सॅग २० टक्के.

मागच्या शॉकचा सॅग मोजताना एक घोटाळा नेहमी होतो. सायकलचा मागचा ट्रॅव्हल १३० मिलिमीटर असला तरी शॉकचा दांडा तितका आत जात नाही. शॉकचा स्वतःचा स्ट्रोक असतो, समजा ५० मिलिमीटर. टक्केवारी त्या ५० ची काढायची. ३० टक्के म्हणजे १५ मिलिमीटर.

मग किती सॅग ठेवू?

१०० मिलिमीटरच्या क्रॉसकंट्री हार्डटेलला पुढे १५ ते २० टक्के. १२० ते १४० मिलिमीटरच्या ट्रेल सायकलला पुढे २० ते २५ आणि मागे २५ ते ३०. सुरुवातीला एवढं पुरे.

मागे सॅग पुढच्यापेक्षा जास्त ठेवतात, त्याला कारण आहे. उतारावर आणि ब्रेक मारताना वजन पुढे सरकतं. त्या वेळी फोर्कला आधार हवा असतो. पुढेही मागच्याइतकाच सॅग दिला, तर उतारावर फोर्क नको तेव्हा खोल बसतो.

हवा किती भरायची ते आधीच कळतं का?

हवेच्या फोर्कच्या खालच्या पायावर बहुधा वजनाप्रमाणे दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो. तिथून सुरुवात करा. मागच्या शॉकसाठी सायकल कंपनीचा आकडा नसेल तर आपलं वजन पौंडात जितकं तितके पीएसआय, हा जुना ठोकताळा पहिला अंदाज म्हणून चालतो. ७० किलो म्हणजे १५४ पौंड, तर १५५ च्या आसपास. तिथून सॅग मोजत जा. सॅग जास्त आला तर पाच पीएसआय वाढवा, कमी आला तर सोडा. फोर्क आणि शॉक दोन्हींवर कमाल दाब छापलेला असतो. तो कधीही ओलांडायचा नाही.

एक बारकावा फार जण विसरतात. हवेच्या स्प्रिंगमध्ये दोन कप्पे असतात, एक वर ढकलणारा, दुसरा उलट बाजूने. हवा बदलली की ती दोन्हीकडे सारखी व्हायला हवी. म्हणून दर वेळी हवा भरल्यावर किंवा सोडल्यावर फोर्क सावकाश दहा-वीस वेळा थोडा थोडा दाबा, मग पुन्हा दाब बघा. हे केलं नाही तर पहिल्या राइडमध्येच सगळं बदललेलं वाटतं.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरून घेतली तर चालेल का?

नाही. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखाच असल्यामुळे नळी बसते खरी, पण फोर्कच्या आतली जागा अगदी लहान. कॉम्प्रेसर क्षणात गरजेच्या कितीतरी वर नेतो, आणि त्यातून ओलावाही आत जातो. पायाने किंवा हाताने मारायचा टायरचा पंपही नको. त्याच्या एका दाबात जाणारी हवा या कामाला जास्त, आणि मागच्या शॉकला लागणाऱ्या दाबापर्यंत तो पोचतच नाही. सस्पेन्शनसाठी छोटा, बारीक नळीचा शॉक पंप वेगळा मिळतो, तोच घ्या. चार मित्रांत मिळून एक घेतला तरी भागतं.

फक्त पंप नेहमी तोच वापरा. दोन पंपांचे काटे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. तुम्हाला हवा असतो तो तुमच्याच पंपावरचा, पुन्हा पुन्हा मिळवता येणारा आकडा.

पंप काढताना फुस्स आवाज येतो. हवा गेली का?

बहुतेक वेळा तो पंपाच्या नळीतल्या हवेचा आवाज असतो, फोर्कमधली हवा आतच राहते. पण पुन्हा पंप जोडला की काटा थोडा कमी दाखवतो, कारण रिकाम्या नळीत फोर्कमधली थोडी हवा येते. हे बघून लोक “रोज हवा कमी होते” म्हणत भरत जातात. खरोखर गळती आहे का ते बघायचं तर सायकल दोन-तीन दिवस उभी ठेवून सॅग पुन्हा मोजा. सॅग वाढला असेल तरच गळती माना.

रिबाउंड कसा लावायचा?

दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत वर येतं, ते रिबाउंड ठरवतो. फोर्कच्या उजव्या पायाच्या तळाशी बहुधा लाल रंगाची चकती असते, मागच्या शॉकवरही बहुधा लाल. घड्याळाच्या दिशेने फिरवली की परतणं सावकाश होतं. काही चकत्यांवर त्यासाठी कासव आणि ससा काढलेले असतात.

आधी चकती घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करा, जोर न लावता. मग उलट फिरवत टिकटिक मोजा आणि एकूण किती आहेत ते वहीत लिहा. मधोमध आणून ठेवा. सायकलच्या बाजूला उभे राहून हँडल दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि एकदम सोडा. पुढचं चाक जमिनीवरून उडालं तर रिबाउंड फार जलद आहे, दोन टिक बंद करा. हँडल आळसावल्यासारखं वर येत असेल तर दोन टिक उघडा. चाक जमिनीवरच राहिलं पाहिजे आणि हँडल तुमच्या हाताबरोबर वर आलं पाहिजे.

मागच्या शॉकसाठी फुटपाथची कडा पुरते. सीटवर बसून सावकाश कडेवरून खाली उतरा. मागचा भाग खाली जाईल, वर येईल आणि थांबेल. वर येऊन आणखी दोन-तीन वेळा डोलत राहिला तर जलद आहे, सावकाश करा.

हवा वाढवली की स्प्रिंग जास्त जोराने ढकलते, म्हणून रिबाउंड त्या मानाने सावकाश लागतो. एकाच मॉडेलचा फोर्क असूनही ५५ किलोच्या माणसाला रिबाउंड बराच उघडा लागतो आणि ९० किलोच्या माणसाला बराच बंद, तो यामुळेच. म्हणून मित्राच्या टिका मोजून आपल्या सायकलला लावू नयेत.

रिबाउंड फार सावकाश ठेवला तर निदान सुरक्षित तरी राहील ना?

हा गैरसमज मोडायला हवा. मुरमाच्या उतारावर एकामागून एक दगड येतात. पहिल्या दगडावर दबलेला फोर्क दुसरा दगड यायच्या आत वर आला नाही, तर तो दुसऱ्या दगडावर आणखी खाली बसतो, तिसऱ्यावर आणखी. चार-पाच दगडांनंतर फोर्क जवळपास तळाशी, पुढचा भाग खाली आणि हँडल कडक. चालवणाऱ्याला वाटतं फोर्क कडक आहे, म्हणून तो हवा आणखी सोडतो, आणि दुखणं वाढतं. सुरुवातीला बरा वाटणारा फोर्क उताराच्या शेवटी कडक वाटायला लागला, तर आधी रिबाउंड दोन टिक उघडून बघा.

पुढचं आणि मागचं संतुलन म्हणजे काय? ते कसं तपासायचं?

सॅग बरोबर, रिबाउंड बरोबर, तरीही सायकल परकी वाटते, तेव्हा दोष बहुधा इथे असतो. दोन्ही टोकांनी सारख्याच वेगाने दबायला आणि सारख्याच वेगाने वर यायला हवं. तसं झालं की दगडावरून जाताना सायकल आडवीच राहते, फक्त वर-खाली होते. एक टोक लवकर आणि दुसरं उशिरा आलं की सायकल पुढे-मागे डोलते आणि तुमचं वजन तिच्यामागे फरफटतं.

तपासायला सपाट जागा हवी. सकाळी लवकर रिकामं मैदान किंवा सोसायटीचं पार्किंग चालेल. सायकल सावकाश जात असताना पायडल मारणं थांबवा, दोन्ही पायडल आडवे, उभे राहा. वजन हातांवर न टाकता पायांनी सरळ खाली जोरात दाबा. सोबत्याला बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा. मग दोघं मिळून बघा. वरची नळी आडवी खाली गेली आणि आडवीच वर आली का? पुढचं टोक आधी वर आलं का? मागचं उसळलं का? सायकलवर असताना जे नुसतं “काहीतरी चुकतंय” एवढंच वाटतं, ते या चित्रणात स्पष्ट दिसतं.

सगळ्यात धोकादायक जोडी म्हणजे मागचा रिबाउंड जलद आणि पुढचा सावकाश. उतारावर मोठा दगड लागला की मागचं टोक उसळतं, पुढचं अजून दबलेलंच असतं, आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. अशा वेळी आधी मागचा रिबाउंड सावकाश करा.

फोर्क मऊ आणि मागचं कडक असेल तर उतारावर सतत डोक्यावर पडू असं वाटतं आणि हँडल चंचल होतं. ढोबळ हिशेबाने पुढचं टोक २० मिलिमीटर खाली गेलं की हँडलच्या नळीचा कोन सुमारे एक अंशाने उभा होतो, आणि तेवढा फरक हाताला लगेच कळतो. याच्या उलट, मागचं फार मऊ असेल तर चढावर पुढचं चाक हलकं पडून इकडेतिकडे भरकटतं, आणि मोकळ्या मुरमाच्या वळणावर ते बाहेरच्या बाजूला घसरतं. त्या घसरण्याचा दोष लोक टायरला देतात, हजारो रुपयांचा नवा टायर घेतात. मागच्या शॉकमध्ये दहा पीएसआय वाढवून तीच वळणं एकदा घेऊन बघितली असती, तर कदाचित टायर घ्यावाच लागला नसता.

माझी हार्डटेल आहे. मागे शॉकच नाही, मग संतुलन कसलं?

तुमच्याकडे मागचा शॉक म्हणजे टायर आणि तुमचे गुडघे. हार्डटेलचा फोर्क दबला की फक्त पुढचं टोक खाली जातं, मागचं जागेवरच राहतं. म्हणून हार्डटेलला पुढे फार सॅग देऊ नये. मी १०० मिलिमीटरच्या फोर्कला १५ ते १८ टक्केच सुचवतो. मागे जरा जाड टायर, फ्रेममध्ये बसत असेल तर २.३५ इंची, आणि हवा जमेल तितकी कमी, एवढ्याने मागच्या टोकाचा राग पुष्कळ शांत होतो. आणि खडबडीत भागात सीटवर बसून राहू नका.

कॉम्प्रेशन आणि लॉकआउट कधी वापरायचे?

कॉम्प्रेशन म्हणजे दबताना होणारा अडथळा, चकती बहुधा निळी. सॅग आणि रिबाउंड लागल्याशिवाय तिला हात लावू नका, तोवर ती पूर्ण उघडी ठेवा. ब्रेक मारला की फोर्क फारच खाली जातो असं वाटलं तर एक-दोन टिक बंद करा. पण ज्याचा सॅग आधीच ३० टक्के आहे, त्याने आधी हवा भरावी.

लॉकआउट डांबरासाठी. तुळजापूरच्या घाटात उभं राहून पायडल मारताना फोर्क डोलत असेल तर बंद करा, काही हरकत नाही. घाट उतरताना मात्र उघडा. डांबरावरही खड्डे असतात, आणि बंद फोर्कला जोराचा धक्का बसला की आतल्या भागांवर सगळा ताण येतो.

फोर्कचा पूर्ण ट्रॅव्हल कधीच वापरला जात नाही. बिघाड आहे का?

तुमच्या नेहमीच्या वाटेवर रबरी रिंग ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जात असेल तर उत्तम. शेवटचा भाग एखाद्या चुकलेल्या उडीसाठी राखून ठेवलेला असतो. सॅग बरोबर आहे आणि तरीही रिंग ७० टक्क्यांच्या पुढे जात नाही, तर फोर्कच्या आत हवेची जागा कमी करणारे प्लास्टिकचे टोकन असतात, त्यातला एक काढून बघा. दर राइडला तळाशी आपटत असेल तर एक टोकन वाढवा. टोकनने सुरुवातीचा मऊपणा फारसा बदलत नाही, शेवटचा भाग बदलतो. वरची टोपी उघडण्यापूर्वी सगळी हवा सोडायची. हे कधीही विसरू नका, दाबाखालची टोपी तोंडावर उडू शकते.

मे महिन्यात सायकल वेगळीच वाटते. खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि सोलापुरात तो चांगलाच जाणवतो. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांत फोर्कमध्ये ७० पीएसआय भरले असतील, तर मे महिन्यात ४० अंशांत तीच हवा सुमारे ७७ पीएसआय होते. फोर्क कडक, सॅग कमी. शिवाय उष्णतेने आतलं तेल पातळ होतं, त्यामुळे रिबाउंड जलद वाटतो. दाब वाढल्यामुळे रिबाउंड आधीच जलद झालेला असतो, त्यात ही भर.

म्हणून मार्च संपता संपता सॅग पुन्हा मोजा, आणि थंडी सुरू झाली की पुन्हा. ज्या वेळी चालवता त्याच वेळच्या हवेत मोजा. एसीच्या खोलीत रात्री मोजलेला आकडा दुपारच्या माळावर लागू होत नाही. उन्हात उभ्या मोटारीत सायकल ठेवली असेल तर बाहेर काढून सावलीत निवू द्या आणि मगच दाब बघा.

पावसाळ्यात काय बदलायचं?

काळ्या मातीत पाऊस पडल्यावर सायकल नेऊच नका. ती माती चाकाला चिकटून फोर्कच्या कमानीत अशी भरते की चाक फिरायचं थांबतं. सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं, आणि ओल्या वाटेवर पडलेल्या चाकोऱ्या नंतर वाळून शेतकऱ्याला त्रास देतात. मुरमाड माळ पाणी लवकर पितो, तिकडे पावसाने उघडीप दिली की जाता येतं. तिथे टायरची हवा एक-दोन पीएसआय कमी, बाकी काही नाही.

सेटिंग तपासायला जायचं कुठे?

दहा-पंधरा मिनिटांत एक फेरी होईल अशी एकच वाट निवडा, ज्यात थोडा चढ, थोडा दगडाळ उतार आणि दोन-तीन वळणं असतील. हिप्परगा तलावाच्या बाजूच्या माळावरच्या गाडीवाटा, शहराबाहेरच्या जुन्या मुरमाच्या खाणींजवळचे रस्ते, असं काहीही चालेल. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत मात्र सायकल घालू नका. त्या गवतात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात. आणि पेरलेल्या रानातून वाट काढू नका, बांधावरून जायचं असेल तर मालकाला विचारा.

त्या एकाच वाटेवर दर फेरीला एकच गोष्ट बदला. दोन बदललात तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. दर बदल वहीत लिहा: तारीख, दाब, टिका, आणि एका ओळीत काय वाटलं. “डाव्या वळणावर पुढचं चाक धरलं” एवढंही पुरतं.

आधीचे लोक सस्पेन्शनशिवायच चालवायचे ना?

चालवायचे, आणि उत्तम चालवायचे. पण १९९० साली अमेरिकेत डुरँगो इथे माउंटन बाईकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे ग्रेग हर्बोल्ड या अमेरिकन सायकलपटूने रॉकशॉक्स कंपनीचा फोर्क लावून उताराची शर्यत जिंकली, आणि वारं फिरलं. आजच्या मानाने त्या फोर्कचा ट्रॅव्हल अगदी थोडा होता. थोडा ट्रॅव्हल पण नीट लावलेला, हे तेव्हाही पुरत होतं.

माझी मुलगी ४५ किलोची आहे. तिचा फोर्क हलतच नाही.

हलक्या चालवणाऱ्यांची ही अडचण खरी आहे आणि दुकानात तिच्याकडे दुर्लक्ष होतं. हवेचा फोर्क असेल तर दाब तक्त्यावरच्या खालच्या आकड्यापासून धरा, सगळे टोकन काढा, रिबाउंड जवळपास पूर्ण उघडा. तरी हलला नाही तर सील कोरडे पडलेले असू शकतात, फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस करून बघा. नवी सायकल घेताना अशा व्यक्तीसाठी स्प्रिंगऐवजी हवेचा फोर्क घ्यावा, त्यासाठी गिअर एक पायरी साधे घ्यावे लागले तरी चालतील.

सर्व्हिस किती दिवसांनी?

रॉकशॉक्स आपल्या बहुतेक फोर्कसाठी दर ५० तासांनी खालच्या पायांची सर्व्हिस सांगते, म्हणजे पाय काढून पुसायचे, फोमच्या रिंगा तेलात भिजवायच्या, नवं तेल घालायचं. आपल्याकडची धूळ पिठासारखी बारीक असते. उन्हाळाभर माळावर चालवत असाल तर ५० तासांची वाट पाहू नका.

दर राइडनंतर मऊ ओल्या फडक्याने नळ्या आणि सीलच्या कडा पुसा. फोर्क दोन-तीन वेळा दाबा, सीलने बाहेर काढलेली काळी रेघ दिसेल, तीही पुसा. गंज काढायचा स्प्रे नळ्यांवर मारू नका, तो सीलजवळचं वंगण धुऊन काढतो. सर्व्हिसिंग सेंटरमधला जोराचा फवारा सीलवर धरू देऊ नका, पाणी आत शिरतं. सायकल धुवायला बादली आणि फडकं पुरतं.

नळीवर ओरखडा आढळला तर नखाने चाचपा. नख अडकत असेल तर तो ओरखडा सील कापत राहणार, तज्ज्ञ मेकॅनिकला लवकर दाखवा. मागचा शॉक हवा भरूनही वर येत नसेल, दबलेलाच अडकला असेल, तर घरी उघडू नका. आत अडकलेल्या हवेचा दाब मोठा असतो. आणि फोर्क सर्व्हिसला बाहेरगावी पाठवणार असाल तर आधी दाब आणि टिकांचे आकडे वहीत उतरवून घ्या. परत येताना चकत्या फिरलेल्या असतात आणि हवा रिकामी असते.